सीएफपी आहात, घरून काम हवंय: शोध कुठून सुरू करायचा आणि घोडं कुठे अडतं

सीएफपी, म्हणजे सर्टिफाइड फायनान्शिअल प्लॅनर (प्रमाणित आर्थिक नियोजक), झालेल्या माणसाचं बहुतेक काम स्क्रीनवरच होतं. माहिती गोळा करणं, जमाखर्चाचं गणित, निवृत्तीचा अंदाज, अहवाल लिहिणं, क्लायंटशी बोलणं, यातल्या कशालाही ऑफिसची खुर्ची लागत नाही. तरीही अनेक जण महिनोन् महिने अर्ज पाठवत राहतात आणि पलीकडून उत्तर येत नाही. ज्ञान कमी पडतं म्हणून हे होतं असं नाही. दुसऱ्याच्या पैशाबद्दल सल्ला द्यायचा तर कुणाच्या तरी परवान्याखाली आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि घरी बसलेल्या माणसावर देखरेख ठेवणं कंपनीला जड जातं. अर्ज वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: डोळ्यांसमोर नसताना हा माणूस क्लायंटची कागदपत्रं आणि आमचा परवाना, दोन्ही सांभाळेल का? पुढची सगळी तयारी या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवण्यासाठी आहे.

काम नेमकं कोणतं हवंय?

"रिमोट प्लॅनर" या एका नावाखाली चार वेगवेगळी कामं येतात आणि त्यांच्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत. सगळीकडे एकच बायोडाटा पाठवला की तो कुठेच बसत नाही.

पहिलं काम थेट सल्ल्याचं. व्हिडिओ कॉलवर क्लायंटशी तुम्ही बोलता, शिफारस तुम्ही करता, तिच्याखाली नाव तुमचं. दुसरं पॅराप्लॅनिंगचं. क्लायंट दुसऱ्या सल्लागाराचा असतो. तुम्ही त्याच्यासाठी कागदपत्रं तपासता, आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरता, पर्याय मांडता आणि अहवालाचा मसुदा लिहिता. ब्रिटनमध्ये या अहवालाला सूटेबिलिटी रिपोर्ट म्हणतात, ऑस्ट्रेलियात स्टेटमेंट ऑफ ॲडव्हाइस. सही परवानाधारक सल्लागाराची असल्यामुळे देशाची सीमा ओलांडून जाणारं काम मुख्यतः हेच. तिसरं, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आर्थिक मार्गदर्शन. यात खर्चाचं नियोजन, कर्जफेड, कंपनीकडून मिळणाऱ्या लाभांचा वापर हे विषय असतात. अमुक फंड घ्या, असं सहसा सांगायचं नसतं. चौथ्या प्रकारात प्लॅनिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या, सीएफपीचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संस्था, आर्थिक मजकूर तपासून घेणारी संकेतस्थळं येतात. तिथे परवान्यापेक्षा विषयाची पकड विकली जाते.

पहिल्यांदाच रिमोटकडे वळत असाल तर पॅराप्लॅनिंगपासून सुरुवात करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. या कामाची परीक्षा कागदावर होते, त्यामुळे अनोळखी माणसालाही संधी मिळते. स्वतःचे क्लायंट आणावे लागत नाहीत. सहा महिन्यांत दोन-तीन सल्लागारांची विचार करण्याची पद्धत जवळून कळते. एक धोका मात्र आहे. वर्षानुवर्षं फक्त मसुदे लिहिणाऱ्याचा माणसांशी बोलण्याचा सराव सुटतो. म्हणून सुरुवातीलाच "महिन्यातून दोन क्लायंट कॉलमध्ये मी ऐकायला बसू शकेन का?" हे विचारून ठेवा. तुमच्याकडे आधीपासून व्हिडिओ कॉलला सरावलेले क्लायंट असतील तर गोष्ट वेगळी. मग सरळ पहिल्या प्रकाराकडे जा.

परीक्षा पास झाली आहे पण अनुभवाची अट बाकी आहे, अशांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी. अमेरिकेत ही अट 6,000 तासांची आहे, किंवा सीएफपीच्या थेट देखरेखीखाली शिकाऊ पद्धतीने केलेल्या 4,000 तासांची. घरून केलेले तास कोण प्रमाणित करणार, हे रुजू होण्याआधी लेखी विचारा. वर्षभराने तो सल्लागार कंपनी सोडून गेला, तर तुमच्या तासांची साक्ष देणारा माणूसच उरत नाही.

सीएफपी जगभर चालतं, परवाना चालत नाही

सर्वात जास्त अर्ज इथे वाया जातात. अमेरिकेत सीएफपी हे चिन्ह सीएफपी बोर्डाचं आहे. अमेरिकेबाहेर ते एफपीएसबी या संस्थेकडे आहे आणि तिच्या सदस्य संस्था आपापल्या देशात प्रमाणपत्र देतात. कॅनडात एफपी कॅनडा, ब्रिटनमध्ये सीआयएसआय, भारतात एफपीएसबी इंडिया. एका देशात मिळवलेलं प्रमाणपत्र दुसऱ्या देशात सल्लागार म्हणून मिरवायचं असेल तर तिथल्या संस्थेच्या अटी पूर्ण कराव्या लागतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सीएफपी ही पात्रता आहे, परवाना नाही. परवाना नियामक देतो: अमेरिकेत एसईसी आणि राज्यं, ब्रिटनमध्ये एफसीए, ऑस्ट्रेलियात एएसआयसी, भारतात सेबी. सल्ला कुठून दिला आणि कुणाला दिला, दोन्ही बाजूंचे नियम लागू होऊ शकतात. तुम्ही एका देशात बसून दुसऱ्या देशातल्या क्लायंटला "हा फंड घ्या" म्हणालात, तर तुमच्या देशातला परवाना तिथे कामाला येत नाही.

अमेरिकेतलं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण रिमोट जाहिरातींचा मोठा भाग तिथला असतो. साधारण 10 कोटी डॉलरपर्यंतची मालमत्ता सांभाळणाऱ्या सल्लागार संस्था बहुतांशी राज्याकडे नोंदतात, त्याहून मोठ्या एसईसीकडे. संस्था मोठी असली तरी तिच्या वतीने सल्ला देणाऱ्या व्यक्तीला, तिचं व्यवसायाचं ठिकाण ज्या राज्यात आहे, तिथे सहसा नोंदणी करावी लागते. तुम्ही घरून नियमितपणे क्लायंटशी बोलत असाल तर तुमचं घर हेच व्यवसायाचं ठिकाण. जाहिरातीत "रिमोट" लिहून खाली दहा-बारा राज्यांचीच नावं का असतात, त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं कारण म्हणजे कर्मचारी जिथे राहतो त्या राज्यात कंपनीला पगारावरच्या कराचीही व्यवस्था लावावी लागते. त्या यादीत तुमचं राज्य नसेल तर अर्ज कितीही चांगला असो, तो मनुष्यबळ विभागाच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

व्यक्तीच्या नोंदणीसाठी तिथे सिरीज 65 ही परीक्षा असते: 180 मिनिटं, गुण धरले जाणारे 130 प्रश्न, त्यांपैकी 92 बरोबर यावे लागतात. सीएफपी प्रमाणपत्र चालू असलेल्यांना बहुतेक राज्यं या परीक्षेतून सूट देतात. ही सूट प्रमाणपत्राला बांधलेली आहे. नूतनीकरण चुकलं, सातत्यशिक्षणाचे तास भरले नाहीत, तर प्रमाणपत्रासोबत सूटही धोक्यात येते.

म्हणून अर्ज करण्याआधी अर्ध्या पानाची एक टीप लिहून ठेवा. तुम्ही राहता कुठे, काम करण्याचा कायदेशीर हक्क कोणत्या देशात आहे, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आणि कधीपर्यंत वैध, कोणती नोंदणी आत्ता चालू आहे, कोणती किती आठवड्यांत मिळू शकते. या पाच ओळी बायोडाटाच्या पहिल्या पानावर वरच्या भागात गेल्या पाहिजेत. बहुतेक उमेदवार त्या लिहीत नाहीत आणि वाचणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागतं.

नमुना प्लॅन: तुमचा खरा बायोडाटा

रिमोट काम देणारा माणूस तुमचं लिखाण विकत घेतो. म्हणून एक संपूर्ण नमुना प्लॅन तयार ठेवा. काल्पनिक कुटुंब घ्या: 38 आणि 36 वर्षांचं कमावतं जोडपं, दोन मुलं, 14 वर्षं उरलेलं गृहकर्ज, एक अवलंबून असलेले वडील, एकाचं उत्पन्न पगाराचं आणि दुसऱ्याचं अनियमित. अनियमित उत्पन्न मुद्दाम ठेवा. प्लॅनरची समज तिथेच दिसते.

12 ते 15 पानांच्या वर जाऊ नका. पहिल्या पानावर फक्त निर्णय: या कुटुंबाने पुढच्या 90 दिवसांत करायच्या पाच गोष्टी, महत्त्वाच्या क्रमाने. दुसऱ्या पानावर गृहीतकं: महागाई, परतावा, आयुर्मान, उत्पन्नवाढ, आणि प्रत्येकापुढे तो आकडा का धरला याचं एक वाक्य. मग जमाखर्च, आपत्कालीन निधी, विमा, निवृत्ती, शिक्षण, कर, वारसा. शेवटी कृतीचा तक्ता: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. हा नमुना पहिल्यांदा लिहायला 15 ते 20 तास धरा. सॉफ्टवेअरने काढून दिलेला 80 पानी अहवाल जोडणाऱ्यांचा अर्ज लगेच ओळखू येतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

तपासणारा सीएफपी असेल तर तो सरळ निवृत्तीच्या गणितावर जातो. तिथे पाणी कुठे मुरतं ते पाहा. समजा कुटुंबाचा आजचा वार्षिक खर्च 6,00,000 आहे, निवृत्ती 20 वर्षांनी, महागाई 6 टक्के. तेव्हाचा वार्षिक खर्च 6,00,000 गुणिले 3.2071, म्हणजे सुमारे 19,24,300. निवृत्तीनंतर 25 वर्षं काढायची आहेत आणि परतावा 8 टक्के धरला. आता बरेच जण 8 मधून 6 वजा करून 2 टक्के वास्तव परतावा धरतात. योग्य आकडा 1.08 भागिले 1.06 वजा 1, म्हणजे 1.887 टक्के. वर्षाच्या सुरुवातीला पैसे काढायचे असं धरून या दराने लागणारी पुंजी सुमारे 3.88 कोटी येते. 2 टक्क्यांनी ती 3.83 कोटी येते. जवळपास 4.7 लाखांची तूट, केवळ एका वजाबाकीने.

दुसरी चूक त्याहून मोठी आणि त्याहून लपलेली. एक्सेलच्या पीव्ही फंक्शनमध्ये, म्हणजे पुढच्या रकमांचं आजचं मूल्य काढणाऱ्या सूत्रात, शेवटची जागा टाइपची असते. ती रिकामी सोडली की एक्सेल पैसे वर्षअखेरीस काढले असं धरतं. निवृत्त माणसाला खर्चाला पैसे वर्षाच्या सुरुवातीपासून लागतात, म्हणून तिथे 1 हवा. वरच्याच उदाहरणात हा 1 विसरला तर पुंजी सुमारे 7.2 लाखांनी कमी दिसते. दोन्ही चुका कमी पुंजी दाखवण्याच्या दिशेने जातात, म्हणून एकत्र आल्या की एकमेकींना झाकत नाहीत, वाढवतात. नमुना प्लॅनच्या गृहीतकांच्या पानावर "पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढले जातात, वास्तव परतावा 1.887 टक्के" ही एक ओळ लिहिलीत, की जाणकार वाचणाऱ्याला पुढची दहा पानं अर्धी तपासल्यासारखी वाटतात.

खऱ्या क्लायंटचा प्लॅन नाव खोडून कधीही पाठवू नका. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर अनेकदा तसाच राहतो आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. फाइलच्या गुणधर्मांत मूळ नाव आणि लेखकही उरतात. पाठवलेली फाइल तुम्ही गोपनीयता कशी पाळता याचा पुरावा असते, आणि एका चुकीच्या जोडपत्राने तो पुरावा तुमच्याविरुद्ध जातो.

नमुन्यासोबत दोन छोटे कागद ठेवा. एक, काल्पनिक बैठकीची टिपणं: तारीख, उपस्थित, क्लायंट काय म्हणाला, काय सुचवलं, काय ठरलं, पुढचं काम कुणाकडे. दोन, त्याच बैठकीनंतर क्लायंटला पाठवायचा 150 शब्दांचा ईमेल, साध्या भाषेत. या धंद्यात नोंदी वर्षानुवर्षं जपाव्या लागतात. अमेरिकेत नोंदणीकृत सल्लागार संस्थेला बहुतेक नोंदी किमान 5 वर्षं ठेवाव्या लागतात. टिपणं नीट लिहिणारा माणूस दूर बसला तरी कंपनीला निर्धास्त वाटतं.

शोध कुठे आणि कोणत्या शब्दांनी

जाहिरातींमध्ये "सीएफपी" हा शब्द शोधत बसलात तर विमा विक्रीच्या जाहिरातींचा पूर येईल. पदाचं नाव शोधा, आणि ते इंग्रजी अक्षरांत टाका: पॅराप्लॅनर, असोसिएट ॲडव्हायझर, फायनान्शिअल प्लॅनिंग ॲनालिस्ट, ॲडव्हाइस असोसिएट, फायनान्शिअल वेलनेस कोच. "रिमोट" सोबत "डिस्ट्रिब्यूटेड" आणि "व्हर्च्युअल" हेही वापरून पाहा. काही कंपन्या तेच शब्द लिहितात.

लिंक्डइनवर रोज चोवीस तासांचा फिल्टर लावून पाहणं ठीक, पण जास्त उपयोग व्यावसायिक संघटनांच्या नोकरी फलकांचा होतो. तिथे जाहिरात देणारा माणूस बहुतेकदा स्वतः प्लॅनर असतो. अमेरिकेत सीएफपी बोर्डाचं करिअर सेंटर, एफपीए, फक्त फी घेणाऱ्या सल्लागारांची नापफा, आणि लहान स्वतंत्र प्लॅनरांचं एक्सवायपीएन हे मुख्य दरवाजे. इतर देशांत तिथल्या एफपीएसबी सदस्य संस्थेपासून सुरुवात करा.

आणि मग जाहिरातच नसलेलं काम. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी चालवलेल्या प्लॅनिंग संस्थांकडे कामाचा ढीग असतो, पण पूर्ण वेळ माणूस ठेवण्याइतकं ते धाडस करत नाहीत. अशा 40 संस्थांची यादी करा: संकेतस्थळावर फीची पद्धत उघड लिहिलेली, एखाद्या ठरावीक वर्गाला सेवा देणारी (डॉक्टर, शिक्षक, लहान उद्योजक), आणि ऑनलाइन भेटीची वेळ ठरवण्याची सोय असलेली. यातली तिसरी खूण महत्त्वाची, कारण ती संस्था आधीच दूरून काम करायला सरावलेली असते. आठवड्याला आठ जणांना ईमेल पाठवा. ईमेलमध्ये नोकरी मागू नका. एक ठरावीक काम ठरावीक वेळेत देऊ करा. "तुमच्या एका क्लायंटच्या निवृत्ती-अंदाजाचा मसुदा, तुमच्या साच्यात, माहिती मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत" असं. सोबत नमुना प्लॅनचं फक्त पहिलं पान जोडा. सात दिवसांनी एकदाच आठवण करा, मग सोडून द्या.

सॉफ्टवेअरचं काय? अमेरिकेत ईमनी, मनीगाइड आणि राइटकॅपिटल, ब्रिटनमध्ये व्हॉयंट, ऑस्ट्रेलियात एक्सप्लॅन ही नावं जाहिरातीत पुन्हा पुन्हा दिसतील. ज्या देशाचं काम हवंय तिथलं एक तरी शिका. चाचणी खातं मिळालं तर तुमचं काल्पनिक कुटुंब त्यात भरा, आणि सॉफ्टवेअरचं उत्तर तुमच्या एक्सेलशी का जुळत नाही हे शोधून काढा. बहुतेकदा कारण वर सांगितलेलंच निघतं, नाहीतर कर कोणत्या वर्षी कापला यात असतं. मुलाखतीत हे सांगता आलं की सॉफ्टवेअर किती वर्षं वापरलं, हा प्रश्न मागे पडतो.

जाहिरात वाचताना

"स्वतःचे मालक बना", "कमाईला मर्यादा नाही", "पहिल्या महिन्यात ओळखीच्या 100 लोकांची यादी आणा" ही विक्रीची कामं आहेत. विक्रीत गैर काही नाही, पण त्याला प्लॅनिंग समजून रुजू होऊ नका. पगार, कमिशन आणि फी यांचं प्रमाण सरळ विचारा. उत्तर फिरवलं तर समजून जा.

निव्वळ फसवणूकही बरीच चालते, आणि घरून कामाच्या नावाखाली जास्तच. पूर्ण मुलाखत फक्त चॅटवर, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी आगाऊ पैसे, तुमच्या खात्यात चेक टाकून त्यातले काही पुढे पाठवायला सांगणं, करार होण्याआधीच ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील मागणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी थांबा. खऱ्या सल्लागार संस्थेची नोंद नियामकाच्या सार्वजनिक यादीत असते. तिथला फोन क्रमांक घेऊन स्वतः फोन करा. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नको.

तुमच्या बाजूनेही एक काळजी घ्या. सीएफपी हे नोंदणीकृत चिन्ह आहे आणि ते कसं लिहायचं याचे नियम आहेत. अमेरिकेत ते ईमेल पत्त्यात किंवा संकेतस्थळाच्या नावात वापरायला मनाई आहे. लिंक्डइनवर नावाआधी लावून वाटेल तसं लिहिलेलं चिन्ह जाणकाराच्या डोळ्यांत खुपतं. तुमच्या प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं चिन्ह-वापराचं मार्गदर्शक एकदा वाचा आणि प्रोफाइल त्याप्रमाणे दुरुस्त करा. दहा मिनिटांचं काम आहे.

चाचणीचं काम आणि मुलाखत

रिमोट कामासाठी लेखी चाचणी सर्रास असते: एका कुटुंबाची माहिती, दोन ते चार तास, आणि "तुमच्या शिफारशी लिहा". माहितीत मुद्दाम काहीतरी गाळलेलं असतं. विम्याची रक्कम असते पण मुदत नसते, कर्जाचा हप्ता असतो पण व्याजदर नसतो, दोन ठिकाणी वेगवेगळं वय असतं. घाईने गणिताला लागणारे इथे गडगडतात. आधी 20 मिनिटं फक्त वाचा आणि प्रश्नांची यादी करा. विचारायची सोय असेल तर सगळे प्रश्न एकाच ईमेलमध्ये विचारा. नसेल तर प्रत्येक रिकाम्या जागी काय गृहीत धरलं आणि ते चुकलं तर शिफारस कशी बदलेल, हे लिहा. शिफारशी थोड्या कमी चालतील. लपलेली गृहीतकं चालणार नाहीत. चाचणी आठ-दहा तासांची असेल, किंवा खऱ्या क्लायंटच्या कामासारखी दिसत असेल, तर मोबदला मागायला संकोच करू नका.

मुलाखतीत तुमचे प्रश्नही तेवढेच नेमके हवेत. माझ्या मसुद्यावर सही कोण करणार, आणि तो किती दिवसांत परत येतो? महिन्याला किती प्लॅन अपेक्षित आहेत, आणि पूर्ण प्लॅन म्हणजे किती पानांचा? क्लायंटशी बोलणं कोणत्या माध्यमातून करायचं आणि त्याची नोंद कुठे राहते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "व्हॉट्सॲपवर चालतं" असं आलं तर सावध व्हा. खासगी मेसेजिंगवर झालेलं आणि जपून न ठेवलेलं व्यावसायिक बोलणं या कारणावरून अमेरिकेत वित्तीय संस्थांना 2021 पासून मोठमोठे दंड झाले आहेत. कंपनी बेफिकीर असेल तर तिच्या नियमभंगात तुमचंही नाव येतं.

घरातली व्यवस्था

यात फार खर्च नाही, पण सोय मुलाखतीआधी लागलेली हवी. दार बंद होणारी खोली, मायक्रोफोन असलेला हेडसेट, तारेने जोडलेलं इंटरनेट आणि ते गेलं तर फोनचा हॉटस्पॉट. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला अपलोडचा वेग 3 ते 4 एमबीपीएस स्थिर मिळाला तरी भागतं; डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. आवाजाला प्रतिसाद देणारा स्पीकर त्या खोलीत नको. कामाचा संगणक घरातल्या इतरांनी वापरायचा नाही, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी (विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट), पासवर्ड मॅनेजर आणि प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी. छपाई शक्यतो नकोच. केलीच तर श्रेडर हवा.

हे सगळं एका पानावर लिहून अर्जासोबत जोडा. फार कमी लोक असं करतात. कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला, म्हणजे रिमोट माणसाला नकार देण्याची सर्वात जास्त शक्यता असलेल्या व्यक्तीला, नेमकं हेच पान हवं असतं.

पगार, दर आणि करार

कर्मचारी म्हणून घेत आहेत की कंत्राटावर, हे आधी स्पष्ट करा. कामाची वेळ, पद्धत, साधनं सगळं कंपनी ठरवते आणि कागदावर मात्र तुम्ही कंत्राटदार, अशी रचना अनेक देशांत कायद्याला मान्य नसते, आणि करांचा बोजा तुमच्यावर येतो. दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी काम करणार असाल तर सही करण्याआधी कर सल्लागाराला एकदा भेटा.

कंत्राटाचा दर ठरवताना होणारी नेहमीची चूक अशी: वर्षाचे 46 आठवडे, आठवड्याला 40 तास, म्हणजे 1,840 तास, आणि हव्या त्या उत्पन्नाला 1,840 ने भागायचं. त्यातले बिल करता येण्यासारखे तास फार तर 60 टक्के असतात. बाकीचे ईमेल, शिकणं, दुरुस्त्या, नवं काम शोधणं यात जातात. म्हणजे 1,104 तास. आधी उत्पन्नात सॉफ्टवेअर, विमा आणि कर मिळवा, मग 1,104 ने भागा. दर आधीपेक्षा दीडपटीहून जास्त येईल, आणि तोच खरा दर आहे. प्लॅनमागे ठरावीक रक्कम घेणार असाल तर "माहिती पूर्ण मिळाल्यापासून" आणि "दोन दुरुस्त्या धरून" हे शब्द करारात हवेतच. अपुऱ्या माहितीवर सुरू केलेला प्लॅन तीन वेळा नव्याने लिहावा लागतो.

करारात आणखी तीन कलमं शोधा. व्यावसायिक चुकीबद्दलचा विमा कंपनीच्या पॉलिसीत तुम्हाला धरतो की स्वतःचा घ्यावा लागेल. सोडून गेल्यावर क्लायंटशी संपर्क किती काळ करता येणार नाही, आणि तुमचे आधीचे क्लायंट यातून नावानिशी वगळले आहेत का. "कुठूनही काम करा" म्हणजे देशाबाहेरूनही, की फक्त नोंदवलेल्या पत्त्यावरून. शेवटचं कलम न वाचता सुट्टीत परदेशातून क्लायंटच्या फाइल्स उघडल्या, तर माहितीच्या सुरक्षिततेचा आणि परवान्याचा असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात.

रुजू झाल्यावरचे पहिले तीन महिने

रोज संध्याकाळी तीन ओळी पाठवा: आज काय पूर्ण झालं, काय अडलंय, उद्या काय. पर्यवेक्षकाने मागितलं नसलं तरी पाठवा. पहिल्या तीन प्लॅनवर आलेल्या दुरुस्त्यांची एक यादी ठेवा आणि चौथा प्लॅन पाठवण्याआधी तिच्याशी पडताळून पाहा. तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा आली की पर्यवेक्षकाचा वेळ वाचत नाही, आणि तो वाचावा म्हणूनच तुम्हाला घेतलेलं असतं. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

दोन खंडांमध्ये काम करत असाल तर घड्याळाकडे विशेष लक्ष ठेवा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. शरद ऋतूत युरोपाची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. वर्षातून दोनदा, वसंतात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा, नेहमीच्या बैठका एका तासाने सरकतात. ज्या देशांत घड्याळ बदलतच नाही तिथून काम करणाऱ्याच्या ध्यानात हे सर्वात उशिरा येतं, आणि तोवर क्लायंट रिकाम्या स्क्रीनसमोर तासभर बसलेला असतो. या चारही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या आठवड्यांतल्या प्रत्येक भेटीची वेळ क्लायंटच्या शहराच्या नावासकट पुन्हा कळवा.